पाठुंगळी

१

आमच्या गावात कोण कुणाबरोबर फिरायला गेलं होतं, हे पाद्र्याच्या आधी मला कळायचं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट स्केलनमधल्या एकुलत्या एक औषधाच्या दुकानात फोटोचा काउंटर माझ्याकडे होता. लोक रोल आणून द्यायचे, मी मागच्या अंधाऱ्या खोलीत ते धुवायचे आणि पाकिटात घालून, चेहऱ्यावर काही न दाखवता परत करायचे. अख्खं गाव माझ्या बोटांखालून गेलंय. त्यामुळे फोटोतल्या भुतांच्या गोष्टी मला कुणी सांगू नयेत. एकावर एक उठलेली दोन चित्रं, डब्यात शिरलेला उजेड, हललेला हात, काचेवर उमटलेला अंगठा, अशी सगळी भुतं मी स्वतः धुऊन वाळत घातलेली आहेत.

दुकान बंद झालं तरी माझे हात काही स्वस्थ बसेनात. म्हणून गावाच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन मी अंगावर घेतलं. दर उन्हाळ्यात ते चर्चच्या हॉलमध्ये भरतं. बिस्किटांच्या डब्यांतून आणि कपाटांच्या तळातून फोटो आणि पोस्टकार्डं येतात. हेरिंग मासळीनं भरलेली पिंपं, टोप्या घालून वाळूवर बसलेल्या बायका, ग्लासगोच्या पाहुण्यांना फिरवणारी गाढवं. कार्डांच्या मागचा मजकूर सगळ्यांचा सारखाच: हवा वाईट, जेवण बरं, शनिवारी येतो.

यंदा कार्डं मांडताना ती बाई माझ्या लक्षात आली. आधीही नजरेखालून गेली असेल, पण लक्षात यंदा आली.

पूर्वी आमच्या किनाऱ्याला धक्का नव्हता. होड्या उथळ पाण्यात उभ्या असत आणि बायका आपापल्या नवऱ्यांना पाठुंगळी घेऊन होडीपर्यंत पोचवत. पुरुषांना दिवसभर समुद्रात राहायचं. ओल्या पायांनी निघाला तर गारठून मरायचा. बाईचं काय, ती घरी येऊन चुलीपुढे वाळेल. परतल्यावर त्याला आणायलाही तीच उतरायची. नियम एकच होता. माणूस पाठीवर असताना बाईनं मागे वळून बघायचं नाही. पाहुण्यांना या प्रकाराची भारी गंमत वाटायची, म्हणून तसली कार्डं धडाधड खपत.

ही बाई मात्र एकटीच होती. स्कर्ट वर खोचलेला, गुडघाभर पाण्यात कमरेतून वाकलेली, कुणाला तरी घ्यायला हात मागे धरलेले. तोंड समुद्राकडे आणि पाठ रिकामी. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या, हातानं रंगवलेल्या कार्डात ती होती. दोन युद्धांच्या मधल्या कार्डात होती. आणि ज्या कार्डात किनाऱ्यावर मोटारी उभ्या आहेत, म्हणजे पाठुंगळीची चाल बंद होऊन जमाना लोटला होता, त्यातही ती तशीच वाकलेली होती. तेच पाणी, तीच जागा.

मला हसू आलं. कार्डं छापणारे लोक महालबाड असत. समुद्र ओकाबोका दिसला की दुसऱ्या फोटोतलं माणूस कापून आणायचे आणि चिकटवून द्यायचे. चंद्रसुद्धा चिकटवायचे. एकदा कापलेली बाई त्यांनी चाळीस वर्षं वापरली, तर त्यात नवल ते काय.

२

प्रदर्शनाच्या आधी आमच्याकडे एक दुपार नावांची असते. म्हातारी मंडळी हॉलमध्ये जमतात, चहा आणि भाजलेले स्कोन होतात, फोटो हातोहात फिरतात आणि प्रत्येक चेहऱ्याचं नाव ठरतं. नुसत्या नावानं भागत नाही. आडनावानं निम्मं गाव फ्लेट आणि उरलेलं स्लेटर. म्हणून प्रत्येक घराण्याला एक टोपणनाव असतं. ते होडीवर रंगवतात, थडग्यावर कोरतात आणि पोस्टमन तेच वाचून पत्र टाकतो. आमचं घर पर्नी. पर्नी म्हणजे काय, ते कुणालाच माहीत नाही. माझा नवरा गिबी हा आता शेवटचा पर्नी आहे. आम्हाला मूलबाळ नाही, आणि त्याचा भाऊ कॅनडात वारला.

"ही कोण?" मी त्या बाईचं कार्ड पुढे केलं.

कार्ड टेबलाभोवती फिरलं. शेवटी आमचा निवृत्त खाटीक अलिक स्लेटर म्हणाला, "चेहरा दिसत नाही. आणि पाठीवरून ओळखायला मी काय तिचा नवरा आहे?"

"स्वतःच्या बायकोची पाठ तरी ओळखशील का?"

"ओळखतो की. मी बोलायला लागलो की तीच तर दिसते."

सगळे हसले. हसली नाही ती तीनीमावशी. ही गिबीच्या आईची धाकटी बहीण, नव्वदी ओलांडलेली, कानानं जरा कमी पण बाकी ठणठणीत. तिनं कार्ड हातातसुद्धा घेतलं नाही.

"तिची जागा कोरी सोड," ती म्हणाली.

"का? तुम्हाला माहीत आहे का कोण ते?"

"माहीत असतं तर सांगितलं नसतं का? माझी आई कोरी सोडायची. तिची आईही सोडायची."

"मावशी, कोरी जागा म्हणजे अर्धवट काम. बघायला येणारे मला विचारतात, तुमच्या आईला नाही."

"विचारू देत. रिकाम्या पाठीची बाई आहे ती, नेटा. तिला माणूस देऊ नकोस."

मी तिच्या कपात चहा ओतला आणि विषय सोडला. म्हणजे तिच्यापुरता सोडला. कोरी जागा मला बघवत नाही, तो माझा स्वभाव आहे. शिवाय उत्तर समोरच होतं. पूर्वी प्रत्येक घराण्याची होडीत चढायची जागा ठरलेली असे. ती बाई उभी आहे ती जागा मी रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. दोन काळे खडक आणि मधून वाळूची वाट. ती पर्नींची जागा. दुसऱ्या घरची बाई तिथे पाय ठेवायची नाही.

त्याच संध्याकाळी मी पट्ट्या टाइप केल्या आणि जाऊन तिच्या प्रत्येक फोटोखाली टोचून आले. "पर्नींच्या घरची बाई. आपल्या माणसाला न्यायला उभी."

३

गिबी अजून शेवंडांचे सापळे टाकतो. बंदरात त्याची होडी नसते, कारण बंदराच्या अधिकाऱ्याशी त्याचं एका दोरावरून वाजलं, आणि गिबी रागावला की पिढ्यान्‌पिढ्या रागावतो. आपल्या आजोबांसारखी तो घरासमोर त्या दोन खडकांच्या मधे होडी नांगरतो आणि पाण्यातून चालत तिच्यापर्यंत जातो. त्याचे गमबूट गळके. नवे घे म्हटलं की म्हणतो, "अजून चालतात की." मी म्हणते, "हो, पाणी आत घेऊन चालतात." त्या आठवड्यात मी वैतागून डाव्या टाचेला सायकलच्या ट्यूबचं चौकोनी ठिगळ चिकटवलं होतं. कापताना त्याचा एक कोपरा तुटला, तसंच लावलं.

लग्न झाल्यापासून दर दुपारी मी त्याचे ओले मोजे चुलीवरच्या दांडीला वाळत घालते. आमच्या घराला तोच वास आहे.

नावांच्या दुपारनंतर दुसऱ्याच दिवशी त्यानं मोजे काढून खुर्चीवर टाकले. मी सवयीनं उचलले आणि दांडीकडे गेले, तर हाताला कोरडे लागले.

"बघितलंस माझं ठिगळ?" मी म्हटलं.

"हुशार आहेस तू," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून उगाचच लाजला. एकाहत्तराव्या वर्षी लाजायला काय झालं, म्हणून मीच त्याला चिडवलं.

पुढच्या दिवशीही मोजे कोरडेच. त्याच्या पुढच्या दिवशी मी बूट उचलून बघितले. वरूनही कोरडे होते. वाळूचा कण नाही, मिठाची रेघ नाही. ठिगळ पाण्याला आत येऊ देत नाही, मान्य. पण बाहेरून बूट कोरडा ठेवणारं ठिगळ अजून निघालेलं नाही. ओहोटी असेल, असं म्हणून मी खिडकीतून बघितलं. खडकांवर पाण्याची ओली खूण चांगली मांडीइतकी वर होती. मग उन्हात वाळले असतील, असं म्हटलं. आमच्या गावात, उन्हात. मी एकटीच हसले आणि बूट दाराशी ठेवून दिले.

४

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी दुपारी मी हॉलमध्ये शेवटचा हात फिरवायला गेले. आत कुणी नव्हतं. गरम पाण्याचे नळ भिंतीतून टकटक करत होते आणि बाहेर सीगल भांडत होते. फळ्यांवर सगळं जागच्या जागी होतं. फक्त त्या बाईखालच्या पट्ट्या ओलसर होऊन कडेनं वळल्या होत्या. बाकी एकही पट्टी वळलेली नव्हती. छताकडे बघितलं, गळत नव्हतं.

मी पिशवीतून भिंग काढलं. छापील कार्डाचा एक त्रास असतो. भिंग जवळ नेलं की चित्राचे नुसते ठिपके होतात. जितकं जवळून बघाल तितकं कमी दिसतं. कार्डांत मला ठिपक्यांपलीकडे काही दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

पण तिच्या फोटोंमधला एक छापील नव्हता. गावच्या जुन्या डॉक्टरला कॅमेऱ्याचा नाद होता. त्यानं काचेवर घेतलेला आणि स्वतः धुतलेला तो खरा फोटो. त्यात कापाकापी नव्हती, चिकटवाचिकटवी नव्हती. तसली कड माझ्या नजरेतून सुटत नाही. म्हणजे बाई त्या पाण्यात खरोखर उभी होती. हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. मी भिंग त्यावर धरलं.

तिचे मागे धरलेले हात आता मिटलेले होते. कमरेच्या दोन्ही बाजूंनी बूट लोंबत होते. पाठीवर राखाडी धूसर काहीतरी होतं, फोटो घेताना माणूस हलला की उठतं तसं. डाव्या बुटाच्या टाचेवर चौकोनी ठिगळ होतं आणि त्याचा एक कोपरा तुटलेला होता.

पूर्वीही लोक बुटांना ठिगळं लावतच असत, मी स्वतःला म्हटलं. कोपरे तेव्हाही तुटत असतील. पण तुटक्या कोपऱ्याशी गोंदाचा एक ओघळ होता. तो घाईत माझ्याकडून पुसायचा राहिला होता.

मी सगळ्या पट्ट्या काढल्या आणि कोटाच्या खिशात कोंबल्या. फोटोत काहीही बदललं नाही.

५

जेवताना मी सरळच विचारलं. "गिबी, तुझे मोजे कोरडे कसे येतात?"

त्यानं काटा खाली ठेवला. "आता विचारतेस होय? मला वाटलं, त्यावर बोलायचं नाही असंच तुझ्या मनात आहे."

"कशावर?"

"तू मला नेतेस त्यावर." त्याचे कान लाल झाले होते. "पहिल्या दिवशी धुकं होतं. म्हटलं, प्रदर्शनाच्या नादात बाईचं डोकं फिरलं. पण तू वाकून उभी राहिलीस, बोलली नाहीस, मग मीही मुकाट बसलो. येतानाही तशीच. माझ्या आजोबांना आजीनं असंच नेलं असेल. मला फार बरं वाटलं, नेटा. या वयात कोण करतं कुणासाठी?"

तो निघतो तेव्हा मी झोपलेली असते. परत येतो तेव्हा मी चुलीपुढे असते. हे त्याला इतक्या वर्षांत माहीत नसावं?

"जड होतो का गं मी?"

"नाही," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"पाठ मात्र बर्फासारखी असते तुझी. आणि आज सकाळी चेष्टा केलीस ती जरा जास्तच झाली. होडी मागे राहिली तरी चाललीसच. हाका मारल्या तरी थांबेनास. पाणी तुझ्या हनुवटीला लागलं तेव्हा कुठे वळलीस." तो हसला.

मी घाबरले, उगाच लपवत नाही. त्या बाईला मी माझ्या हातानं, टाइप करून, माझा नवरा दिला होता, आणि ती त्याला रोज थोडं आणखी पुढे नेत होती.

"उद्या जाऊ नकोस," मी म्हटलं.

"सापळे पाण्यात आहेत, वेडे. शेवंडं काय सुट्टी घेणार आहेत?"

"मग मी तुला किनाऱ्यावर सोडायला येते. पाण्यात तू आपला आपण चाल. परत आलास की होडीतच थांब. मी हाक मारेन तेव्हाच उतरायचं, त्याच्या आधी नाही. कुणीही वाकलेलं दिसलं तरी नाही."

"माझ्यासाठी दुसरी कोण वाकणार आहे?" तो म्हणाला आणि बटाटे वाढून घ्यायला लागला.

६

सकाळी मी त्याचा हात धरून वाळूपर्यंत गेले. पाण्यात कुणी नव्हतं. तो कुरकुरत, पाणी उडवत, आपल्या पायांनी होडीपर्यंत गेला आणि तिथून ओला मोजा काढून मला दाखवला. मी जिंकल्यासारखी घरी आले आणि ओटकेक भाजले.

दुपारी इंजिनाचा आवाज आला तेव्हा मी खाली जाऊन उभी होते. माझा विचार पक्का झालेला होता. जी न्यायला येते तीच आणायला येते, ही चाल. आज सोडायला मी गेले, तेव्हा आणायचा हक्कही माझाच. एकदा सगळ्या किनाऱ्यादेखत गिबीला माझ्या पाठीवरून आणला की तिचा काही संबंध उरणार नव्हता. गुडघा दुखतो माझा, पण त्याचे मोजे मी वाळवलेत. माणूस माझा आहे.

त्यानं नांगर टाकला. हलकं धुकं होतं, पण तो मला स्वच्छ दिसत होता. फळीवर बसून दोर गुंडाळत होता. मी स्कर्ट खोचला आणि पाण्यात शिरले. थंडी हाडात गेली. होडीपाशी पोचून मी पाठ फिरवली, तोंड घराकडे केलं, वाकले आणि हात मागे धरले. आता मागे बघायचं नाही. आज चालीत कसूर नको होती.

हाक मारायला मी तोंड उघडलं, तोच पाठीवर ओझं आलं.

धीर म्हणून नाही या माणसाला, मला वाटलं. दोन हात गळ्याभोवती आले. पाण्याइतकेच गार होते. मी मागे त्याचे गुडघे धरले आणि चालू लागले. जड नव्हता, मला वाटलं होतं त्याच्या निम्माही नव्हता. चार पावलं गेल्यावर बोटांनी जे धरलं होतं ते मला कळायला लागलं. लोकरीचं भिजलेलं कापड, चुण्यांवर चुण्या, पुष्कळ. गिबीनं आमच्या लग्नात चुण्यांचा किल्ट, आमच्याकडचा पुरुषी घागरा, घातला होता, त्यानंतर कधीच नाही.

"नेटा," मागून, लांबून गिबीचा आवाज आला. "हाक मारणार होतीस ना? मी इथेच बसलोय अजून."

मी थांबले. मानेवर श्वास नव्हता, नुसतं पाणी ठिबकत होतं. हात सोडून तिला तिथेच टाकता आलं असतं. पण मग ती माझ्या आणि गिबीच्या मधे पडली असती, आणि तो होडीतून उतरायचा होता.

मी चुण्या घट्ट धरल्या आणि मागे न बघता तिला किनाऱ्यावर घेऊन आले. वाळू लागली, मग दगड, मग आमच्या दाराची पायरी. तिथवर हात गळ्यातच होते. मग मी ओरडले, "उतर आता, गिबी. आपल्या पायांनी ये."

७

मोजे पुन्हा रोज ओले येतात. मी दांडीवर घालते. नवे बूट तो अजून घेत नाही आणि मीही आता आग्रह करत नाही. ओल्या मोज्यांसारखं सुख नाही.

उद्घाटन छान झालं. त्या सगळ्या कार्डांत आता खडकांच्या मधे नुसतं पाणी आहे. छपाई फिकी पडली, असं मी विचारणाऱ्यांना सांगते. त्या दिवशी आमच्या प्रदर्शनाच्या समितीचा एक फोटोही घेतला. पुढच्या आठवड्यात तो छापून आला तेव्हा नावं घालायला आम्ही पुन्हा चहाला जमलो.

"नेटा, एवढी वाकून का उभी राहिलीस?" अलिक म्हणाला. "ताठ राहा म्हणून तीनदा सांगितलं होतं."

"ताठच होते मी."

"आणि कार्डिगन खांद्यांवर भिजलेलं. तुझ्या एकटीवर पाऊस पडला होता का?"

"तुझं थोबाड बघून घाम फुटला," मी म्हटलं. सगळे हसले.

पेन तीनीमावशीकडे होतं. ती डावीकडून एकेक नाव लिहीत आली. माझं नाव लिहून ती थांबली. तिनं वर बघितलं, माझ्याकडे, आणि मग माझ्या खांद्याच्या जरा वर. नंतर कागदावर बोटभर जागा सोडून तिनं पुढे अलिकचं नाव लिहिलं.

"मावशी, मधे कोरी जागा राहिली," अलिक म्हणाला.

"असू दे," मी म्हटलं, आणि चहा ओतायला वळले, जरा जपून.